सुरेख सही

सोमवार, १४ नोव्हेंबर २०२२, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटे. काउंटी मंडळाच्या निवडणुकीत मोजलेली मते दोन हजार सहाशे छत्तीस. त्यांतली बरोबर निम्मी माझ्या मुलाला, ग्रॅडीला. उरलेली निम्मी त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या कोरा वॉशबर्नला. न उघडलेला लिफाफा एक, आणि तो माझा.

हा हिशेब ग्रॅडीने मला न्हाणीघराच्या दारातून सांगितला. सोमवारी मदतनीस बाई येऊन मला आंघोळ घालते. माझ्या पाठीवरचा साबण अर्धाच धुऊन झाला होता.

"उचला त्यांना," तो तिला म्हणाला. "टॉवेल गुंडाळा आणि बाहेर आणा."

"अहो, पण साबण..."

"साबणाने कुणी मरत नाही, बाई."

त्याने स्वतःच माझ्या अंगात शर्ट चढवला. गेल्या वर्षीच्या पक्षाघातात माझी उजवी बाजू गेली आहे. तो हात बाहीत घालायचा तर आधी खांदा सैल करून घ्यावा लागतो. ग्रॅडीने तो बाहीत तसाच कोंबला. मला दुखले नाही. त्या हाताला काही कळत नाही, आणि हे ग्रॅडीला चांगले ठाऊक आहे.

पक्षाघाताने माझी जीभही नेली, समज मात्र ठेवली. तांत्रिक महाविद्यालयात मी वीजजोडणीचे शिक्षण घेतले आणि पुढची सारी नोकरी सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली, उच्च दाबाच्या तारांजवळ केली. कोणता खटका पाडला की कोणता दिवा जातो, याचा विचार आधी करून मगच हात उचलायचा, ही सवय अजून आहे. तोंडातून मात्र तीनच शब्द निघतात: हो, नाही आणि च्यायला. तिसरा शब्द का वाचला, याचे उत्तर डॉक्टरांकडे नव्हते.

पिकअप ट्रकच्या मागच्या भागात ग्रॅडीच्या प्रचाराच्या उरलेल्या पाट्या रचलेल्या होत्या. माझी व्हीलचेअर त्याने त्यांच्यावरच आडवी टाकली. पाट्यांवर निळ्या अक्षरांत लिहिले होते: 'सही तपासा, देश वाचवा.' मला पुढच्या सीटवर बसवून त्याने पट्टा आवळला आणि ट्रक काउंटीच्या कचेरीच्या दिशेने सोडला.

"नीट ऐका, डॅड. पाचला कचेरी बंद होते. तुमच्या लिफाफ्यावरची सही जुळली नाही म्हणून तो बाजूला ठेवलाय. मतदाराने आज पाचच्या आत समोर येऊन 'सही माझीच' असं सांगितलं, की तो मोजतात. नाहीतर बरोबरी. बरोबरी झाली तर मला त्या बाईसमोर बसून पत्ते काढायला लागतील. ज्याचा पत्ता वरचा, तो निवडून. बारा वर्षं या काउंटीसाठी राबलो, आणि शेवटी इस्पिकची दुर्री!"

मागे पाट्यांवर माझी खुर्ची घसरून आदळली.

"कचेरीतली ती बर्नीस विचारील, सही तुमची का? तुम्ही म्हणायचं, हो. एवढा शब्द येतो ना तुम्हाला? आणि तो तिसरा शब्द आज नको, देवाशपथ. लाइल सगळं मोबाइलवर दाखवणार आहे."

सही माझी नव्हती. ती ग्रॅडीने केली होती, आणि लिफाफ्याच्या आत काय आहे हे ट्रकमध्ये फक्त मला माहीत होते.

ऑक्टोबरमध्ये मतपत्रिका टपालाने आली, तेव्हा मी ती माझ्या खोलीत नेऊन डाव्या हाताने भरली. आमच्याकडे नावापुढचा लंबगोल काळा करायचा असतो. रेषेबाहेर शाई जाऊ नये म्हणून मी पुष्कळ वेळ घेतला. मग मतपत्रिका आत सारून, जीभ फिरवून लिफाफा बंद केला आणि सहीसाठी स्वयंपाकघरात आलो. ग्रॅडी तिथे मांसाची करंजी खात बसला होता. आमच्या कॉर्निश घराण्यात खाणकामगारांच्या डब्यापासून चालत आलेला तो पदार्थ आहे. मी डाव्या हाताने पेन धरलेले पाहून त्याने बोटे पुसली.

"असल्या कोंबडीच्या पायांना बर्नीस सही मानेल का? आणा इकडे."

मी म्हणालो, "नाही. नाही. च्यायला, नाही."

"हट्ट नका करू, डॅड."

आणि त्याने माझे नाव लिहिले: एल्डन जे. ट्रेवेना. वळणदार टी, व्हीला शेपटी. ही सही तो आठवीपासून करत आला आहे; त्याच्या प्रगतिपुस्तकांवर मी क्वचितच सही केली असेन. लिफाफ्यावर खाली आणखी एक ओळ असते. मतदाराला कुणी मदत केली असेल, तर त्याने तिथे स्वतःचे नाव लिहायचे. ती लिहिली की सारे कायदेशीर होते. ग्रॅडीने ती कोरी ठेवली. गेली दोन वर्षे तो गावोगाव सांगत होता, की असे मदतनीस म्हणजे मतांचे चोर. स्वतःचे नाव तो त्या ओळीवर कसे लिहिणार?

मी 'नाही' का म्हणत होतो, हे त्याला समजवायला माझ्यापाशी शब्द नव्हते. जानेवारीत कचेरीतली बर्नीस इतुराल्दे आमच्या घरी आली होती. ज्यांचा हात गेला त्यांच्याकडून ती दर वर्षी नव्या सहीचे कार्ड करून घेते. त्या कार्डावर मी डाव्या हाताने जी काढली, ती एक वाकडी, खाली घसरलेली रेघ होती. तेव्हापासून काउंटीच्या दफ्तरी माझी खरी सही ती रेघ होती. ग्रॅडीची सुरेख सही खोटी ठरणार हे तेव्हाच ठरले होते. ती खोटी होतीच. कचेरीचे पत्र आले, तेव्हा त्याने ते कॉफीच्या चोथ्यावर टाकले. आपण मोठ्या फरकाने जिंकणार याची त्याला खात्री होती, आणि खोट्या सहीपाशी पुन्हा कशाला जा?

आता मी कुणाला मत दिले ते सांगतो. कोरा वॉशबर्नला. ती मला आवडते म्हणून नव्हे.

वसंतात काउंटी मंडळाची बैठक झाली. ग्रॅडीने मला पहिल्या रांगेत नेऊन बसवले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तो सभेला म्हणाला, "हे माझे वडील. उद्या यांचं मत कोण चोरणार? ही बाई आणि तिची यंत्रं." त्याच यंत्रांनी त्याला तीन वेळा निवडून दिले होते. बर्नीसने उभे राहून एवढेच विचारले, की मतपत्रिकांच्या खोलीला धड कुलूप नाही, ते मंजूर होईल का? ग्रॅडीने विरोधात मत दिले, उधळपट्टी, म्हणाला. त्या खोलीचे दार तेव्हापासून सायकलच्या साखळीने बांधलेले असते. मग त्याने दोन ठराव मंजूर करून घेतले. एक, सही न जुळल्यास कचेरीने मतदाराला फोन करायचा नाही. पत्र पाठवायचे आणि गप्प बसायचे. दोन, शंका मिटलेला प्रत्येक लिफाफा त्याच क्षणी, कॅमेऱ्यासमोर, सर्वांदेखत उघडायचा. दुसऱ्याला बर्नीसने हरकत घेतली. दिवसातून एकच लिफाफा आला तर त्या माणसाचे मत जगाला कळेल, हे तिने बोलून दाखवले.

"प्रामाणिक माणसाला लपवायचं काय असतं?" ग्रॅडी म्हणाला, आणि लोकांनी बाके वाजवली.

त्या आठवड्यात कुणीतरी बर्नीसच्या दारात कातडे सोललेला कोयोटे, आमच्याकडचा रानकोल्हा, टाकला. ग्रॅडीने हे जेवताना सांगितले आणि हसून विचारले, "त्याने तरी मत दिलं होतं का म्हणे?" मी त्या टेबलाशी बसलो होतो. माझ्या गळ्याला रुमाल बांधलेला होता, आणि माझ्या तोंडात घास भरवणारा हात त्याचाच होता. घास गिळता गिळता मी ठरवले.

साडेचारला आम्ही कचेरीत पोहोचलो. कठड्यावर हॅलोविनला मुलांना वाटून उरलेल्या गोड गोळ्यांची थाळी आणि पत्त्यांचा नवा, कागदही न फोडलेला जोड ठेवलेला होता. पाच वाजले की तो फोडायचा, म्हणून सकाळपासून आणून ठेवलेला. कठड्याच्या आत बर्नीस. बाहेर कोरा वॉशबर्न, पशुखाद्याच्या दुकानाची मालकीण, इस्त्री केलेल्या जाकिटात. भिंतीशी ग्रॅडीची आठदहा माणसे उभी होती. सर्वांत पुढे लाइल. टायरचे दुकान चालवतो, आणि निवडणूक जवळ आली की मोबाइल समोर धरून देश वाचवतो.

"आले, आले!" लाइल मोबाइलला म्हणाला. "मित्रांनो, बघा. एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा मत द्यायला खुर्चीतून आलाय. याला म्हणतात देशभक्ती. एल्डन, दोन शब्द बोला!"

"च्यायला," मी म्हणालो.

"भावनावश झालेत," लाइलने सांगितले.

ग्रॅडीने मला कठड्याला लावले; खुर्चीचे पाऊल ठेवायचे फळकूट लाकडावर आपटले. "हे माझे वडील. त्यांचा लिफाफा काढ, बर्नीस."

"ओळखपत्र," बर्नीस म्हणाली.

"तू त्यांना ओळखत नाहीस? जानेवारीत तुझ्या नवऱ्याच्या दफनाला आले होते ते!"

"दफन डिसेंबरमध्ये होतं. ओळखपत्राचा नियम मंडळाचा आहे, ग्रॅडी. तूच मांडला होतास."

त्याने माझ्या खिशातून पाकीट ओढून ओळखपत्र तिच्यापुढे फेकले. तेवढ्यात कोरा पुढे आली. प्रचारात तिची पाटी होती 'प्रत्येक मत मोजा', आणि सही वाकडी झाली म्हणून कुणाचा हक्क जात नाही, हे तिने आमच्या चर्चच्या पायरीवर उभे राहून रडत रडत सांगितलेले मी ऐकले होते.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली. "बर्नीस, या माणसाला आज वार कुठला तेही कळत नाही. बाहुलीसारखं उचलून आणलंय त्यांना. लाळ गळतेय, बघा तरी. अशांची मतं मोजायची असतील तर मग दफनभूमीतही एक पेटी नेऊन ठेवा."

"लाज वाटत नाही का तुला?" ग्रॅडी गरजला. "एका अपंग म्हाताऱ्याचं मत हिसकावून घेतेस? या देशात प्रत्येक माणसाला मताचा हक्क आहे! एखादी सही इकडची तिकडे झाली, म्हणून काय झालं?"

"नियम म्हणजे नियम," कोरा म्हणाली. "नियम पाळले नाहीत, तर निवडणुकीला अर्थ काय राहिला?"

"कागदी नियमांपेक्षा माणूस मोठा असतो!"

दोघांनी एकमेकांची भाषणे इतकी तोंडपाठ केली होती, की एकही शब्द चुकला नाही. भिंतीशी उभ्या माणसांनी, आपले कुणी बोलले की मान हलवायची, या सवयीने ग्रॅडीच्या वाक्यांना माना हलवल्या. आठवड्यापूर्वी याच वाक्यांसाठी त्यांनी कोराच्या दुकानावर अंडी फेकली होती.

बर्नीसने दोघांचे बोलणे संपू दिले. मग माझ्याकडे वाकली. "मिस्टर ट्रेवेना, कोराच्या हरकतीसाठी विचारावं लागतंय. आज रविवार आहे का?"

"नाही."

"तुमचं नाव ग्रॅडी?"

"नाही."

"एल्डन?"

"हो."

"खोलीतला एक माणूस तरी शुद्धीवर आहे," ती म्हणाली. तिने आतून लिफाफा आणला, माझ्यापुढे ठेवला, आणि संगणकाचा पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला. पडद्यावर माझी जानेवारीतली रेघ होती. लिफाफ्यावर वळणदार टी आणि शेपटीचा व्ही.

ग्रॅडी ती रेघ पहिल्यांदाच बघत होता. त्याच्या मानेवरचा रंग उतरलेला मला बाजूने दिसला.

"हे वाचून दाखवणं माझ्यावर बंधनकारक आहे," बर्नीस म्हणाली आणि पाठ असलेले सावकाश वाचू लागली. "शपथेवर खोटं सांगणं हा गंभीर गुन्हा आहे. दुसऱ्याच्या नावाने मतदानाच्या लिफाफ्यावर सही करणं हाही गंभीर गुन्हा आहे. त्याला तुरुंग आहे, चार वर्षांपर्यंत." वाचताना ती माझ्याकडे बघत नव्हती. "मिस्टर ट्रेवेना, ही सही तुम्ही केलीत?"

माझ्यापुढे दोन खटके होते. 'नाही' म्हटले असते, तर लिफाफा बाद, बरोबरी, पत्ते. आणि पत्त्यांत ग्रॅडी जिंको वा हरो, सरकारी वकील उद्या सकाळी आमच्या दारात. 'हो' म्हटले, तर ग्रॅडी तुरुंगातून सुटला. पण लिफाफा उघडणार आणि त्याची खुर्ची जाणार, तीही बापाच्या हाताने आणि लाइलच्या मोबाइलसमोर. जिला मी ती खुर्ची देणार होतो, तिने मला नुकतेच दफनभूमीत नेऊन ठेवले होते.

"सांगा, डॅड," ग्रॅडी म्हणाला. त्याचा हात माझ्या मानेवर होता; बोटे केसांच्या मुळाशी रुतली होती.

"हो," मी म्हणालो.

बर्नीसने माझ्या उजव्या हाताकडे पाहिले. तो मांडीवर उताणा पडला होता.

"अजून एक. शिल्लक लिफाफा हा एकच आहे. मंडळाच्या ठरावाप्रमाणे तो मला इथे, आत्ता उघडायला लागेल. तुमचं मत कुणाला, हे या सगळ्यांना कळेल. तुम्हाला नको असेल तर अजूनही थांबता येईल. तो मग न मोजता नष्ट होईल."

"उघड ना बाई!" ग्रॅडी म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता. "प्रामाणिक माणसाला लपवायचं काय असतं?"

"मी त्यांना विचारतेय."

"हो," मी म्हणालो.

"मग इथे सही."

तिने निवेदनाचा कागद आणि पेन माझ्या डाव्या हाताशी सरकवले. मी रेघ काढली. वाकडी, खाली घसरलेली. पडद्यावरच्या रेघेची सख्खी बहीण. लाइल मोबाइल जवळ नेऊन दोन्ही सह्या पाहू लागला.

"अरे ग्रॅडी, हे काय रे? लिफाफ्यावरची सही तर लग्नपत्रिकेवर छापण्यासारखी आहे!"

"त्यांचे दिवस चांगले-वाईट असतात," ग्रॅडी म्हणाला. "त्या दिवशी हात छान चालत होता."

"उजवा का?"

"गप बस, लाइल."

"ही खोटी सही आहे!" कोरा ओरडली. "आंधळ्यालाही दिसेल. माझी हरकत लिहून घ्या. लिफाफा बाद करा आणि सरकारी वकिलांना कळवा!"

"लिहून घेतली," बर्नीस म्हणाली. "मत आकड्यात मिळवण्याआधी दोन्ही उमेदवारांना शेवटचं विचारायचं असतं. तेव्हा उत्तर द्या." आणि तिने लिफाफा कापला.

मतपत्रिका तिने कठड्यावर उलगडली, दोन्ही उमेदवारांना दिसेल अशी. वरच्या पदांच्या रांगा ओलांडून तिचे बोट खाली आले. काउंटी मंडळ, दुसरा प्रभाग. ग्रॅडी ट्रेवेना, लंबगोल पांढरा. कोरा वॉशबर्न, लंबगोल काळा. शाई एका जागी थोडी थरथरली होती. रेषेबाहेर कुठेही गेली नव्हती.

"वॉशबर्न," बर्नीस म्हणाली.

माझ्या मानेवरचा हात उचलला गेला. लाइल सवयीने मोबाइलला म्हणाला, "मित्रांनो, थांबा जरा, काहीतरी घोटाळा आहे."

"आता हरकती. मिसेस वॉशबर्न, खोट्या सहीची तुमची हरकत लिहून घेतलीय. कायम आहे?"

कोराने मतपत्रिकेकडे पाहिले, मग माझ्याकडे. जाकिटाची कॉलर सारखी केली.

"कसली हरकत?" ती म्हणाली. "मतदाराने शपथेवर सांगितलंय ना? त्याच्या शब्दावर संशय घेणारी मी कोण? बिचाऱ्यांनी एवढे कष्ट घेतलेत. प्रत्येक मत मोजलं गेलं पाहिजे, हे मी पहिल्यापासून सांगतेय. हरकत मागे."

"ग्रॅडी? तुझी?"

"ही सही त्यांची नाही!" तो म्हणाला.

"बरं." बर्नीसने पेन उचलले. "मग कुणाची?"

ग्रॅडीने लिफाफ्याकडे पाहिले, मग लाइलच्या मोबाइलकडे.

"हरकतीला कारण लागतं," ती म्हणाली. तिचा स्वर मवाळ होता, आणि त्या मवाळपणात तिने वसंतापासूनचे सगळे महिने साठवले होते. "सही खोटी आहे असं तुला कशावरून माहीत? तू तिथे होतास का? कुणी करताना पाहिलीस? सांग, मी लिहून घेते. पाच वाजायला अजून वेळ आहे."

"बोल ना, ग्रॅडी!" लाइल कळकळीने म्हणाला. तो मनापासून आपल्या माणसाला मदत करत होता. "चोर तुझ्याच घरात शिरलाय, नाव घे त्याचं! सगळी काउंटी बघतेय. कुणी केली सही?"

ग्रॅडी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. लहानपणी बूट बांधून घ्यायला उभा राही, तेव्हा त्याचे डोळे माझ्या डोळ्यांच्या एवढ्याच जवळ येत.

"डॅड. तुम्ही सांगा. चुकून बोललात म्हणून सांगा. ती सही तुमची नाही. म्हणा, नाही. एकदाच. प्लीज."

तो रागाने इतका आंधळा झाला होता, की त्या 'नाही'च्या पुढचा प्रश्न कोणता आणि त्याचे उत्तर कुणाच्या मनगटात बेड्या घालणार, हे त्याला दिसत नव्हते. बर्नीसला दिसत होते. तिने पेनाचे टोक कागदावर टेकवून ठेवले होते आणि ती वाट पाहत होती.

"मिस्टर ट्रेवेना," तिने पुन्हा विचारले, "ही सही तुमची?"

"हो."

ग्रॅडी उठला. त्याने माझ्या कानाशी तोंड आणले. मोबाइलमध्ये जाऊ नये एवढ्या हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा मला 'तू' म्हणत तो बोलला. "पडलास तेव्हा मी रुग्णवाहिका बोलवायला नको होती. न्हाणीत तसंच ठेवायला हवं होतं तुला."

मग तो दाराबाहेर गेला. ट्रक सुरू झाल्याचा आणि वळण घेतल्याचा आवाज आला. त्याची माणसे एकेक करून निघाली. लाइल जाता जाता कठड्यावरच्या थाळीतल्या मूठभर गोळ्या घेऊन गेला.

कोराने माझा हात हातात घेतला. उजवा, मेलेला. तिच्याबरोबर आलेल्या एका बाईला तिने फोटो काढायला सांगितले आणि खाली वाकून, दात दाखवत म्हणाली, "डोकं अगदी शाबूत आहे हो तुमचं. मी म्हणतच होते."

"च्यायला," मी म्हणालो. फोटो तेव्हाच निघाला; दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मी हसत असल्यासारखा दिसतो.

त्या दोघी गेल्यावर कचेरीत बर्नीस आणि मी उरलो. बर्नीसने पत्त्यांचा जोड कागद न फोडता खणात टाकला. कोराने मला धन्यवाद दिले नव्हते, तसे तिनेही दिले नाहीत. वास्तविक, ग्रॅडी निवडून आला असता तर वर्षअखेरीस तिची नेमणूक रद्द होणार होती, आणि निवडणुकीचे काम लाइलच्या माणसांकडे जाणार होते. हे सर्वांना ठाऊक होते.

"तुम्ही शपथेवर दोनदा खोटं बोललात," ती म्हणाली. "माझी नोकरी आता त्या खोट्यावर उभी आहे. बावीस वर्षं मी या खोलीत एकही खोटं आत येऊ दिलं नाही, एल्डन."

तिने कठड्यावरचे माझे ओळखपत्र उचलून माझ्या खिशात ठेवले.

"आणि खरं सांगू? तुम्ही 'नाही' म्हणावं, असं वाटत होतं मला. नोकरी गेली असती तरी चाललं असतं. त्याला बेड्या घालून या दारातून नेताना बघायचं होतं. माझ्या पायरीला अजून त्या कोयोटेचा वास येतो." तिने चष्मा पुसला. "तुम्ही तेवढंही दिलं नाहीत. बाप तो बापच."

तिने वाहतूक सेवेला फोन लावला. अपंगांची गाडी पाचनंतर गावाबाहेर जात नाही, असे उत्तर आले. तिने ते मला सांगितले, एक कागद छापून घेतला, बाहेर जाऊन काचेच्या दारावर चिकटवला आणि दिवे मालवायला आत गेली. मी खुर्चीत होतो, आणि दाराच्या काचेतून तो कागद मला उलटा दिसत होता. माझ्या पाठीवरचा साबण एव्हाना वाळून कातडी ओढत होता. मला घरी कोण नेणार आणि कुठल्या घरी, हे कागदावर नव्हते. कागदावर होते ते असे:

वॉशबर्न १,३१९. ट्रेवेना १,३१८.